सावेरियोमामाचं दोनदा धरलेलं सुतक

कोझिमो मेला. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, पोलादाच्या कारखान्यात, भर सकाळी. त्याच्या कोटाच्या खिशात साखरेत घोळलेले बदाम होते.

पण ते राहू द्या. तो मेलेला नाही असं धरून आपण पुढे जाऊ. आमच्या गल्लीत मेलेल्यांची सोय वर्षानुवर्षं बघितली जाते. एका जिवंत माणसाला थोडी जागा दिली तर कुणाचं काही बिघडणार नाही.

तर कोझिमो जिवंत आहे, आणि कॅनडातल्या हॅमिल्टनमधला ऑक्टोबरचा एक साधा रविवार आहे. परसात तो आणि त्याचे होणारे सासरे ब्रूनो अंजिराचं झाड पुरताहेत. आमच्या इटलीतल्या, कालाब्रियातल्या झाडाला इथली थंडी सोसत नाही. म्हणून हिवाळ्याआधी एका बाजूची मुळं मोकळी करायची, झाड हळूच वाकवायचं, चरात निजवायचं, वर फळ्या, जुन्या गोधड्या आणि माती. वसंतात उकरून पुन्हा उभं करायचं. पुरलेलं परत बाहेर काढता येतं, हे आमच्या लोकांना फक्त अंजिराच्या बाबतीत मान्य आहे.

"जरा हळू," ब्रूनो म्हणाले. "म्हातारं झालंय ते."

"माझ्याहून लहान आहे," कोझिमो म्हणाला. "साखरपुड्याच्या वर्षी लावलंय आपण. त्याला फळं येऊन गेली सुद्धा."

ब्रूनोंनी फावड्याकडे बघितलं. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते फावड्याकडे बघत.

ब्रूनोंची मुलगी सेराफिना. साखरपुडा झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच वर्षी कोझिमोने तिला लिंबासारखा पिवळा पोशाख आणून दिला. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी घालायचा म्हणून तो कपाटात टांगला गेला, आणि लग्नाआधीच्या आठवड्यात गावाकडे ब्रूनोंची आई, सेराफिनाची आजी, वारली. आजीचं सुतक सरलं, तेव्हा आजीच्या दुःखाने आजोबा गेले. त्यांचं सरलं, तेव्हा सावेरियो.

सावेरियोचं जरा समजून घ्यावं लागेल. सेराफिनाची आई आगाता, तिच्या आजोबांचं नाव सावेरियो. आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबांना चार मुलगे, आणि चौघांनीही आपलं कर्तव्य पार पाडलं. त्यामुळे गावात एका वेळी चार सावेरियो नांदत होते: एक आगाताचा सख्खा भाऊ, तिघे चुलतभाऊ. बोटीतून नवा उतरलेला एक माणूस चर्चच्या पायरीवर म्हणाला, "तुमचा सावेरियो गेला हो." कुठला, ते त्याला माहीत नव्हतं, तो शेजारच्या गावचा होता.

विचारून घ्यायला पत्र जाऊन यायला हवं होतं. सुतक तेवढं थांबत नाही. आगाताने सगळ्यात जवळचा सावेरियो धरला.

तळघरात दोन मोठी तपेली होती. एकात ऑगस्टमध्ये टोमॅटोचा रस आटवायचा, दुसऱ्यात कपड्यांना काळा रंग द्यायचा. दोन्ही हुबेहूब सारखी. रंगाच्या तपेल्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली असे. एका वर्षी ती चिंधी सुटली आणि गल्लीने राखाडी मॅकरोनी खाल्ली. कुणी चकार शब्द काढला नाही, सुतकाचं घर म्हणून.

सावेरियोसाठी सगळं रीतसर झालं. आरशांवर चादरी, रेडिओवर कापड, घरातल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत काळ्या, लग्न पुढे. नाताळात सख्ख्या सावेरियोने गावाहून चीज पाठवलं, सोबत स्वतःचा फोटो: खेचराला टेकून उभा, तब्येत उत्तम. गेला होता तो भलताच चुलत सावेरियो, ज्याचं सुतक जेमतेम महिन्याचं.

आगाता आनंदाने रडली. पण काळं उतरवलं नाही. "धरलेलं सुतक मध्येच सोडलं तर खरंच काहीतरी व्हायचं त्याचं," ती म्हणाली. मग तिकडे मामा खेचरावरून बाजाराला जात राहिला आणि इकडे त्याच्या नावाने घरात रेडिओ लागला नाही.

तेही सरलं. आता नोव्हेंबरमधली तारीख ठरली होती. कोझिमोने लग्नात वाटायचे बदाम नव्याने आणले होते. आधीचे दर वेळी ब्रूनो खात. त्यांचे दोन दात त्यातच गेले.

त्या रविवारी झाड अर्धं आडवं झालं असताना शेजारच्या पिनामावशी स्वयंपाकघरात शिरल्या. हातात झाकलेलं भांडं होतं. आमच्याकडे कुणी न सांगता जेवण घेऊन आलं की आधी खुर्ची शोधायची असते.

"आगाता, बस," पिनामावशी म्हणाल्या. "माझ्या दिराचं पत्र आलंय. तुझा भाऊ गं. सावेरियो."

"कुठला?" सेराफिनाने विचारलं.

"अगं, भाऊ म्हणजे भाऊच! खेचरवाला."

आगाताने तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावला. सेराफिनाने आईला कुशीत घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग फार हळू आवाजात विचारलं, "आई, त्याचं एकदा झालंय ना?"

"तेव्हा तो जिवंत होता. ते कसं चालेल?"

"पण वर्षभर धरलं होतं आपण."

"माणूस मेल्याशिवाय धरलेलं मोजत नाहीत गं पोरी," पिनामावशी समजुतीने म्हणाल्या. "मोजलं असतं तर मी आमच्या ह्यांचं आत्ताच उरकून नसतं का घेतलं?"

सेराफिना परसात आली. तिच्याकडे बघून ब्रूनोंनी फावडं ठेवलं आणि ते घरात गेले.

"कोण?" कोझिमोने विचारलं.

"सावेरियोमामा."

"तो गेला होता ना?"

"आता खरा गेला."

"नीट चौकशी करा बाई. हा माणूस बेभरवशाचा आहे."

तिला हसू आलं. तिने झटकन तोंडावर हात ठेवला आणि खिडकीकडे बघितलं. कोझिमो चराच्या काठावर बसला. हात मातीने भरले होते, म्हणून त्याने तिच्या मनगटाला फक्त कोपराने स्पर्श केला.

"सेराफिना, उद्या चल. नगरपालिकेत जाऊ, सह्या करू. दुपारच्या पाळीला मी कामावर."

"आणि आई?"

"तिलाही घेऊन जाऊ."

"माझ्या लग्नाला काळं घालून?"

"तिच्याकडे दुसरं आहे काय?"

या वेळी ती हसली नाही. आगाताच्या अंगावर काळं चढलं ते तिच्या वडिलांसाठी, आठ वर्षांची असताना. नंतर कुणी ना कुणी जात राहिलं आणि उतरवायची वेळ आलीच नाही.

"मी अशी गेले तर ती माझं सुतक धरेल," सेराफिना म्हणाली. "खरंच धरेल, कोझिमो. मी दोन गल्ल्या पलीकडे जिवंत, आणि इथे आरशांवर चादरी. मला नाही बघवणार."

कोझिमो उठला आणि मुळांकडची राहिलेली माती मोकळी करू लागला. "बरं. थांबतो. एवढी वर्षं केलेलं एकच काम आहे, हात बसलाय आता."

त्या रात्री सेराफिनाने आईशी भांडून आयुष्यातली एकुलती एक सवलत मिळवली: आधीचं अगदीच वाया गेलं नाही असं धरून हे सुतक फक्त ईस्टरपर्यंत. लग्न मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी. पाद्रीबाबा हो म्हणाले. कोझिमोने बदाम पुन्हा नवे आणायचं ठरवलं.

ईस्टर आला. आरसे उघडे झाले. रेडिओ लावला तर त्याचा आवाजच गेला होता. ब्रूनो म्हणाले, सवय मोडली असेल त्याची. सेराफिनाने राखाडी झगा घातला, आणि कपाटातला पिवळा काढून दोन्ही बाजूंची शिवण उसवली. एकोणिसाव्या वर्षीची कंबर अठ्ठाविसाव्या वर्षी कुठून आणणार?

आणि आता मला पुढे ढकलता येत नाही. आमच्याकडे लग्नं पुढे ढकलता येतात, मरण येत नाही. कारखान्यात क्रेनची साखळी तुटली. खाली कोझिमो होता.

सेराफिना रडली नाही. ती तळघरात गेली, लाल चिंधीचं तपेलं शेगडीवर चढवलं, पाणी ओतलं. ज्या तपेल्याचा तिला तिटकारा होता त्यात ती स्वतःच्या हाताने रंग ढवळू लागली. आगाता जिना उतरून आली.

"काय करतेस?"

"रंग."

"कुणासाठी?"

सेराफिनाने मागे वळून आईकडे बघितलं.

"बाळा," आगाता म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता. कठोर असता तर बरं झालं असतं. "तुला नाही घालता येत. तू त्याची बायको नाहीस. साखरपुड्याला सुतक नसतं."

"आई, आजीला मी कधी बघितलं नव्हतं. तिच्यासाठी घातलं."

"ती आजी होती."

"जिवंत मामासाठी घातलं!"

"तो मामा होता. हा... हा अजून आपला झाला नव्हता गं. तू काळं घातलंस की लोक विचारणार, असं काय नातं होतं यांचं? तो मान त्याच्या आईचा. तू राखाडी घाल, मागे बस, आणि मान खाली घाल."

पाणी उकळत होतं. सेराफिनाने शेगडी बंद केली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझं सुतक नाही. म्हणजे मला रंग चालतो."

चर्चमध्ये ती पिवळा पोशाख घालून आली. ब्रूनोंनी तिला हात दिला होता, मुलीला लग्नाच्या वेदीपाशी नेताना बाप देतो तसा, आणि ते समोर बघत चालत होते, कारण तिथे फावडं नव्हतं. सगळं चर्च काळं, आणि मधून ती. पिनामावशींच्या हातातली जपमाळ खाली पडली. "लाज गेली वाटतं पोरीची," मागून कुणीतरी म्हणालं. "नवरा नाही मिळाला म्हणून डोकं फिरलंय."

सेराफिना शवपेटीपाशी थांबली. पलीकडे कोझिमोची आई उभी होती, नखशिखांत काळी. ती त्या पोशाखाकडे बघत राहिली. तो विकत घ्यायला मुलाबरोबर दुकानात तीच गेली होती. तिने हातातली पिशवी उघडली, बदामांची पुडी काढली आणि सेराफिनाच्या तळहातावर ठेवली.

"खिशात होती त्याच्या. तुझीच आहे."

मग मात्र सेराफिना रडली. काळ्या कपड्यांवर अश्रू दिसत नाहीत. पिवळ्यावर प्रत्येक थेंब दिसत होता.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसली होती. आगाता समोर आली. ओरडेल असं वाटलं. तिने नुसती पिवळ्या बाहीची कड दोन बोटांत धरली.

"हलका असेल नाही?"

"हो, आई."

"उन्हात बरा वाटत असेल." ती थोडा वेळ कापड चोळत राहिली. "माझा एक होता. बाबा जायच्या आधी. लाल होता वाटतं. किंवा निळा." आणि रंग आठवेना म्हणून आगाता, जी चार सावेरियो नीट लक्षात ठेवत असे, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली.

सेराफिनाने पुन्हा काळं घातलं नाही. लग्नही केलं नाही. पुढच्या वर्षी पिनामावशींची जाऊ वारली आणि त्यांच्या नातीचं लग्न पुढे ढकलायची बोलणी सुरू झाली, तेव्हा सेराफिना पिवळा पोशाख घालून त्यांच्या घरी गेली आणि दारातल्या खुर्चीवर बसून राहिली. तिच्याकडे बघता बघता पिनामावशींनीच शेगडीवरचं रंगाचं तपेलं उतरवलं. पोरीचं लग्न ठरल्या दिवशी लागलं.

ब्रूनोंनी त्या ऑक्टोबरात अंजिरासोबत लाल चिंधीचं तपेलंही चरात पुरलं. वसंतात त्यांनी अंजीर बाहेर काढलं. तपेलं काढलं नाही.

आता एकच काम राहिलं आहे.

प्रति, सर्व दिवंगत नातेवाईक, इकडचे व गावाकडचे, सावेरियो चारही (हयात असलेले व नसलेले) धरून. सविनय विनंती करण्यात येते की, सेराफिना हिने आपल्याप्रीत्यर्थ काळ्या कपड्यांत काढलेली वर्षं आपल्या उपयोगी पडली नसल्यास ती परत करावीत. सर्व परत करणं शक्य नसल्यास मे महिन्यातला पहिला शनिवार तरी द्यावा. बदाम आणलेले आहेत, पोशाखाची शिवण सैल केलेली आहे. कोझिमो यांस त्या दिवसापुरती रजा मंजूर व्हावी. दुपारच्या पाळीला त्यांना परत पाठवण्यात येईल.