राहिलेले सतरा

बायको जाऊन अकरा आठवडे झाले तरी ठोक्या रडला नव्हता. लोक म्हणत, धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हतं. सकाळी उठायचं, चहा करायचा, अर्धा प्यायचा आणि अर्धा ओट्यावर विसरायचा. घरात सगळंच असं अर्धवट पडून होतं, आणि त्यावर बोलणारं कुणी नव्हतं.

ती असती तर म्हणाली असती, "अहो, सतरा राहिले."

हे सतराचं प्रकरण पन्नास वर्षांपूर्वीचं. तेव्हा खाडीकाठच्या कारखान्यात उडत्या बोटी बनत. पोट जहाजाचं, पंख विमानाचे. धावपट्ट्या मोजक्याच होत्या, पाणी मात्र सगळीकडे होतं, म्हणून विमानंच पाण्यावर उतरवायची. चार इंजिनं, आत जेवायला टेबलं, झोपायला बिछाने, आणि पोटाचे पत्रे जोडायला हजारो रिव्हेट. ठोक्या बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यानं रिव्हेट ठोकायचा. ती आत आडवी होऊन लोखंडी ठोकळा दाबून धरायची. रिव्हेटचं शेपूट आत चपटं होतं, बाहेरच्याला काही दिसत नाही. म्हणून ती ठोकळ्यानं पत्र्यावर वाजवून सांगायची. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे बसला. तीन म्हणजे काढून टाक. लग्नाआधी वर्षभर दोघांचं एवढंच बोलणं, आणि त्यातही शेवटचा शब्द तिचा.

एके दिवशी शेजारच्या शेडमधली बोट पाण्यात सोडणार होते. सगळा कारखाना बघायला धावला. पोटाच्या एका ओळीतल्या सतरा रिव्हेटना तिनं तीन-तीन ठोके दिले होते, आतून लाल पेन्सिलीनं गोल केले होते. "उद्या काढतो," म्हणत ठोक्याही पळाला. दुसऱ्या दिवशी बघतो तर रंगाऱ्यांनी आतबाहेर रंग मारलेला. मुकादमाला सांगितलं, तर तो म्हणाला, "सतरानं काय होतंय?"

खरंच काही झालं नाही. बोट बारा वर्षं उडाली. मग जागोजागी धावपट्ट्या झाल्या, उडत्या बोटी भंगारात गेल्या, कारखाना बंद पडला. पण घरात नळ गळो की खुर्चीचा पाय हलो, तिचं वाक्य ठरलेलं.

भंगारातून वाचलेली एकच बोट संग्रहालयानं दुरुस्त करायला घेतली होती. जुन्या कामगारांच्या यादीतून नंबर काढून तिथल्या प्रमुख बाईंचा फोन आला.

"काका, एका ओळीतून पाणी आत येतंय. रंग खरवडला तर खाली लाल गोल निघालेत. सतरा."

"माझे आहेत ते," ठोक्या म्हणाला. "मी करतो."

"शुक्रवारी बोट पाण्यात सोडायचीय. गळती राहिली तर कायमची स्टँडवर ठेवावी लागेल."

"मी करतो म्हणालो ना."

ठोक्याची मुलगी त्याला संग्रहालयाच्या शेडमध्ये घेऊन आली. ती बस चालवते, मनगटात जोर आहे. ठोकळा उचलून ती पोटात शिरायला लागली.

"तुला ठोके कुठे कळणार?" ठोक्या म्हणाला.

"आईनं न्हाणीघराच्या दारावर शिकवलेत, बाबा. तीन म्हणजे मान घासायची राहिलीय, परत आत जा."

त्यानं जुने सतरा रिव्हेट ड्रिलनं काढले. नवे ठोकायला घेतले. पहिल्याला आतून दोन ठोके आले. दुसऱ्यालाही दोन. मधूनच एखाद्याला एक यायचा, मग तो अजून मारायचा. सोळा झाले. त्याला बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. दंड तेवढा दुखत होता.

सतराव्याला हातोडा जरासा कलला. त्याला ते कळलं. त्यानं हातोडा खाली ठेवला.

आतून तीन ठोके आले.

"चालेल गं," तो पत्र्याशी तोंड नेऊन म्हणाला. "एकानं काय होतंय?"

मग पुन्हा तीन, सावकाश.

ठोक्याचे कान गरम झाले. पूर्वी व्हायचे तसेच. त्यानं ड्रिल उचललं, रिव्हेट काढला, नवा घातला, हातोडा सरळ धरला. आतून दोन ठोके आले.

मुलगी सरपटत बाहेर आली. कोपरं काळी, केसांत पत्र्याचा चुरा.

"तुझी आई परवडली," ठोक्या म्हणाला.

"तिनंच शिकवलंय, तर मी काय करू?"

बाईंनी दोन दिवस तपासलं. थेंबही आत आला नाही. शुक्रवारी बोट रुळांवरून पाण्याकडे निघाली आणि सगळी शेड तिच्यामागे धावली. मुलगी दारातून परत फिरली.

"बाबा, येताय ना? चाललीय ती."

"तू हो पुढे. मी मागच्या वेळी बघितलंय."

ती थोडी थांबली आणि गेली. बाहेर गलका झाला. ठोक्यानं फडकं घेतलं, हातोडा पुसला, ड्रिल पुसलं, मग ठोकळा घेतला. ठोकळा पुसून होईपर्यंत तो उठला नाही.