बाहेरून दोनदा टकटक

आमची विमान कंपनी बुडाली तेव्हा आधी बिस्किटं बंद झाली, मग पेपर, मग विमानं. विमानं भाड्याची होती. त्यांचे मालक आले आणि भाडं थकल्यावर घरातला फ्रीज उचलून न्यावा तशी एकेक घेऊन गेले. उरला तो डबा.

डबा म्हणजे प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये जमिनीला बोल्टने पक्का केलेला विमानाचा तुकडा. खऱ्या खुर्च्या, खरा दरवाजा, पंख नाहीत. हवाईसुंदरी व्हायला आलेल्या नव्या मुली त्यात सराव करायच्या, माझी मावशी त्यांना शिकवायची आणि मी बाहेरचा माणूस होतो. हे पद आहे. विमान उतरलं तरी दरवाजा मनाला येईल तेव्हा उघडायचा नसतो. बाहेर जिना लागला की जिन्यावरचा माणूस दोनदा टकटक करतो, दरवाज्याच्या काचेतून अंगठा दाखवतो, आतली बाई उलट अंगठा दाखवते, मग दरवाजा उघडते. डब्याला जिना कायमचाच लावलेला होता, तरी मी टकटक करायचो. मुलगा काय करतो, हे आई पाहुण्यांना सांगायची नाही.

मग एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. नाव घेतलं, मार्ग घेतले, चमचेसुद्धा घेतले. माणसं मात्र ते परीक्षा घेऊन घेणार होते.

"नापास झाले तर घरी बसवतील रे," मावशी म्हणाली. तिचं सगळं आयुष्य वर, विमानात गेलेलं. "आणि घरी तुझी आई आहे."

आई तिची थोरली बहीण. मुद्दा पटण्यासारखा होता.

परीक्षक इतक्या कडक कपड्यांत आला की आम्ही त्याचं नाव तिथल्या तिथे इस्त्री ठेवलं. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. व्यत्यय नको म्हणून त्याने हॉलला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि प्रवासी हवेत म्हणून सफाईवाल्या काकांना आणि मला डब्यात बसवलं.

"मग बाहेर कोण?" मी विचारलं.

"कशाला हवंय कोणी? विमान आहे का हे?"

मावशीने सगळं चोख केलं. पट्टे, पाणी, हसू. "आपण उतरलो आहोत," असं माईकवर सांगून ती दरवाज्याशी जाऊन उभी राहिली. नुसतीच.

"उघडा की," इस्त्री म्हणाला.

"टकटक नाही झाली."

"अहो बाई, बाहेर कोणी नाहीये."

"म्हणूनच नाही झाली."

काका माझ्या कानाशी लागले. "गेली हिची नोकरी."

इस्त्रीने पेनाचं टोपण काढलं. तेव्हा बाहेरून दोनदा टकटक झाली.

मावशीने काचेतून पाहिलं आणि अंगठा दाखवला. "आपलाच आहे," ती म्हणाली. "कंपनीची जुनी टोपी." तिने दरवाजा उघडला. ओला, इंधनाचा वास असलेला वारा आत आला. हा कोणाचा चावटपणा, ते बघायला इस्त्री ताडताड बाहेर गेला. मावशी सवयीने म्हणाली, "धन्यवाद, पुन्हा या."

आम्ही मागोमाग उतरलो तर हॉल. कुलूप जागच्या जागी, पंखे बंद, इस्त्री नाही. किल्ली त्याच्याच खिशात, त्यामुळे आम्हाला कुलूप फोडावं लागलं.

नव्या कंपनीने त्याला पुष्कळ शोधलं आणि शेवटी गैरहजेरीबद्दल ताकीद दिली. मावशीचा निकाल लटकला. पास करायला माणूस नाही, नापास करायलाही नाही. तिचं जेवण सुटलं.

"प्रवासी माझा होता," ती म्हणाली. "भलतीकडे उतरवला मी. जाऊन आणते. निकाल पण घेऊन येते."

"अगं, कुठून?"

"उतरवला तिथून. तू बाहेर उभा राहा म्हणजे झालं."

एका दुपारी ती गणवेश घालून एकटीच डब्यात शिरली. मी जिन्यावर. आतून पट्ट्यांची सूचना ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही. पायाखालचा जिना बारीक थरथरत होता. बोल्ट मी स्वतः तपासले होते.

"आपण उतरलो आहोत." आवाज पुरुषाचा होता, धडा वाचल्यासारखा.

मी दोनदा टकटक केली, अंगठा दाखवला. काचेत अंगठा आला. त्याला चिकटपट्टी होती.

इस्त्री बाहेर आला. शर्ट चुरगळलेला. मला सगळ्यात जास्त भीती त्या शर्टाची वाटली.

"मावशी कुठाय?"

"पास," तो म्हणाला. "त्यांना तिकडेच ठेवून घेतलं. तुमच्या जुन्या कंपनीने. तिकडे अजून सगळी विमानं आहेत." त्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातावर ठेवला. आमचाच, जुन्या छापाचा. बिस्किटं ताजी होती.

आईला सांगितलं, मावशीला नोकरी लागली.

"कुठे?"

"बाहेर."

"मग सांगून जायला काय झालं होतं?" आई म्हणाली आणि तिच्यासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. अजून ठेवते.

उद्या डबा भंगारात जाणार आहे, म्हणून मी सकाळपासून जिन्यावर बसलोय. डबा रिकामा आहे, मी सीटखालीसुद्धा बघितलं आणि दरवाजा लावून घेतला. मघाशी दोनदा टकटक झाली. दरवाज्याच्या त्या बाजूने.

मी बराच विचार केला. टकटक करतो तो बाहेरचा माणूस, हा नियम मला मावशीनेच शिकवलाय. म्हणजे आत मी आहे.

मी उठलो आणि काचेला अंगठा दाखवला.