वनमालाचा पुलर

चारकोपच्या कोळीवाड्यात होडी पाण्यातून वर ओढायची तर घरच्या पुरुषाने हाक द्यायची, गावातल्या पुरुषांनी दोराला हात लावायचा आणि बायकांनी चहा आणायचा. घरात पुरुषच उरला नाही तर काय, हे मात्र कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. वनमालाचा नवरा तुळशीदास दिवाळीनंतर गेला. मागे राहिली होडी, कॉलेजात जाणारी मुलगी श्रुतिका आणि किनाऱ्यावरची जागा. त्या जागेवर धाकट्या दिराचा, शिवदासचा डोळा.

जागेचा कायदा वाडवडलांचा. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आत ज्याची होडी जिथे चढेल, ती जागा त्याची. जागा रिकामी राहिली की गेली. दोर धरायला या म्हणून वनमाला पुरुषांना सांगत घरोघर फिरली. सगळे मान खाली घालून म्हणाले, "शिवदासला विचार." शिवदास अंगणात खुर्ची टाकून बसला होता.

"वहिनी, बाईच्या हाकेला कोन दोर धरतो? होरी विकून टाका. मी तिथं बर्फाची शेड टाकतो. खांब रोवून झाला माजा. खाली काँक्रीट ओतलंय, हत्ती बांधला तरी हलायचा नाय."

होडी अजून पाण्यात, हंगाम अजून संपायचा, आणि या गड्याने खांबही रोवला! वनमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावजी," ती म्हणाली, "मी मेले तरी होरी विकनार नाय. पुनवेच्या उधाणाला ती तिच्या जागी चढनार. बघायला या."

बोलून तर बसली. आता ओढणार कशी? हंगामातलं हे शेवटचं मोठं उधाण. ते चुकलं की होडी चिखलात आणि जागा शिवदासच्या खिशात. श्रुतिकाने मोबाईलवर शोधून एक यंत्र दाखवलं. लोखंडी तार, दोन टोकांना आकडे, मधे दातेरी चाक. दांडा मागेपुढे केला की तार चाकावर गुंडाळली जाते आणि समोरचं ओझं सरकत येतं. पुलर म्हणतात त्याला. "आई, ह्याला माणसं लागत नाहीत. एक जण पुरतो."

"मग चल," म्हणून वनमाला उठली.

इंडस्ट्रियल इस्टेटीत केयूरचं हार्डवेअरचं दुकान. त्याने आधी चेनची पुली पुढे केली.

"ही टांगायला लागते," वनमाला म्हणाली. "किनाऱ्यावर काय आभाळाला टांगू?"

मग त्याने चकचकीत पुलरचा बॉक्स ठेवला. "मावशी, हा घ्या. एकदम झकास! दोन टन लिहिलंय ना वर. गाडी पण खेचतो."

"लिहिलंय ते ऱ्हाऊ दे. बाहेर काढ."

"सील तुटेल, मावशी."

"मी बाजारात सुरमई विकते. गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवते तेव्हा पैसे घेते. तू पन उघड."

केयूरने कपाळाला हात लावला, पण उघडला. तिने तार बोटांतून फिरवली. बारीक होती, टोकाशी एक धागा सुटलेला. तिने दांडा ओढून पाहिला. चाकाला अडवणारी जीभ एकच, तीही ढिली. "ही घसरली तर होरी मागं, आनि मागं माजी पोर. नको."

श्रुतिकाने विचारलं, "ओझं अडकलेलं असताना तार एकेक दात सोडता येते का?" केयूरने माळ्यावरून एक जड, काळा, दिसायला अगदीच सामान्य पुलर उतरवला. दोन जिभा, जाड तार, आणि हो, एकेक दात सुटत होता. तार मात्र आखूड. केयूर म्हणाला, थोडं ओढायचं, होडी अडवायची, तार सैल करून दोर आखडायचा, की परत ओढायचं.

"चालेल. माज्याकडं येळ हाय," वनमाला म्हणाली. ती खुशीत घरी आली. आणि नेमकी एक गोष्ट विसरली.

पुनवेच्या दुपारी भरती चढली. मायलेकींनी होडी कडेला आणली, दोर बांधला, खाली गोल ओंडके टाकले. सगळा कोळीवाडा बघायला जमला. वनमालाने पुलरचा एक आकडा दोरात अडकवला, दुसरा हातात घेतला, आणि तिथेच थबकली. हा अडकवायचा कशाला? पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी टाचा रोवून होड्या ओढल्या. खुंट कधी लागलाच नव्हता, तर तो कुणाला सुचणार? मागे कांदळवन होतं, पण त्या झाडांना हात लावायला कायद्याने बंदी, आणि ती पेलणारही नाहीत.

पुरुषांत खसखस पिकली. "अगो बाय, हवेला बांध!" कुणीतरी ओरडलं. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. भरती उतरायला लागली होती.

वनमालाने जागेकडे पाहिलं. तिच्याच जागेच्या वरच्या टोकाला शिवदासचा खांब उभा होता, ताठ, नवाकोरा.

तिने होडीतली नांगराची साखळी उचलली, सरळ गेली आणि खांबाच्या बुडाशी तिचा वेढा मारून आकडा अडकवला.

"वहिनी! तो माजा खांब हाय!"

"हाय ना. हत्ती बांधला तरी हलायचा नाय म्हनालात. मी होरी बांधते."

"काढा तो आकडा!"

"खांब तुमचा, जागा कोनाची? होरी पान्यात असताना खांब कोनी रोवला, सांगा ना सगळ्यांना!"

हसणारे आता शिवदासकडे बघायला लागले. वनमालाने दांडा धरला. टक. टक. टक. होडी कुरकुरली, मग हातभर सरकली. ती मागे घसरू नये म्हणून श्रुतिकाने मागून ओंडका सारला. तार सैल, दोर आखूड, पुन्हा दांडा. वनमालाच्या तळव्यांना फोड आले, तरी ती थांबली नाही. होडी अर्ध्यावर आली तशी दोघेतिघे पुढे झाले.

"ओंडक्यांना हात लावा," ती धापा टाकत म्हणाली. "दांड्याला नाय."

ऊन कलताना होडी आपल्या जागी चढली, नाक खांबाकडे करून. खांब काँक्रीटसकट चांगलाच वाकडा झाला होता. शिवदास केव्हाच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो दारात आला. वाकडा खांब काढायचा होता, आणि गावात हसं झालेल्या माणसाच्या दोराला कुणी हात लावेना. "वहिनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तो पुलर जरा देता?"

वनमालाने त्याला आधी चहा दिला. मग म्हणाली, "देते की. मानसंपन आनते. पन हाक मी देनार."

आणि दुपारी, सगळ्या कोळीवाड्यादेखत, वनमालाने हाक दिली. पुरुषांनी दोर धरला. सगळ्यांत पुढे शिवदास होता.