विसळलेला शेकर

मी एक जुना शेकर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले नसेल आणि पाहिले नसेल तेच बरे, कारण मी राहतो तिथे मुलांना प्रवेश नाही. दारावर तशी पाटीच आहे. मी एका बारच्या काउंटरवर राहतो. मद्य, फळांचा रस आणि बर्फ माझ्या पोटात घालतात, टोपी बसवतात आणि दोन्ही हातांनी मला जोरजोरात हलवतात. मग गाळून जे पेल्यात उतरते त्याला कॉकटेल म्हणतात. एवढेच माझे काम. सोपे वाटते ना? मलाही वाटायचे.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. स्टीलची एक गोल चकती यंत्राखाली सरकवली, वरून दणका बसला आणि मी खोलगट झालो. असे चार दणके खाल्ल्यावर मला आकार आला. माझे तीन भाग आहेत. खाली उंच पेला, त्यावर बसणारा खांदा आणि सर्वांत वर टोपी. खांद्याच्या आत भोकांची गाळणी आहे. ती जिथे खांद्याला जोडली आहे तिथे कडेकडेने एक बारीक खाच राहून गेली आहे. पॉलिश करणाऱ्या बाईंनी मला दिव्याखाली फिरवून पाहिले आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, "दिसायला देखणा आहे मेला, पण घासणाऱ्याचा जीव काढणार." मला त्यातले 'देखणा' तेवढे ऐकू आले.

बारमध्ये मी मास्तरांच्या हाती पडलो. मास्तर म्हणजे तिथले सर्वांत जुने बारटेंडर. नव्या लोकांना शिकवून शिकवून ते सगळ्यांचेच मास्तर झाले होते. मालकीणबाईसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायच्या. मास्तर डावखुरे होते, डोक्यावर केस बेताचेच होते आणि जिभेवर एक वाक्य कायम तयार असे. नवा माणूस मला नळाखाली धरून पाणी ओतून मोकळा झाला, की ते म्हणायचे, "अहो, विसळलंत तुम्ही. धुतलं कुठं?" मग स्वतः गाळणी उलटी धरायचे, बारीक ब्रश त्या खाचेतून गोल फिरवायचे, साबणाचे गरम पाणी, मग साधे पाणी, आणि शेवटी मला तारेच्या जाळीवर पालथा घालायचे. प्रत्येक पेयानंतर हाच नेम. अशी अकरा वर्षे गेली.

त्या अकरा वर्षांत मी फार कौतुक पाहिले. मास्तर मला खांद्यावरून मागे भिरकावायचे आणि पाठीमागे हात नेऊन अचूक झेलायचे. लोक टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे. खरे सांगतो, मला त्या टाळ्यांची चटक लागली. मास्तरांनाही लागली होती. आम्ही दोघे एकमेकांना बिघडवत होतो म्हणा ना!

ती सुट्टीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. बार नुसता फुलून गेला होता. उंच स्टुलांवर माणसे, स्टुलांच्या मागे माणसे, भिंतीवरच्या खुंट्यांवर कोटांवर कोट. गाणी इतकी मोठ्याने लागली होती की लोक एकमेकांच्या कानात ओरडून 'काय?' एवढेच विचारत होते. खिडकीजवळच्या टेबलावर आठ जणांचा एक गट बसला होता. त्यांना बदामाचे सरबत घातलेले एक पांढरे, दाटसर पेय फारच आवडले होते. ते तिसऱ्यांदा तेच मागवत होते. माझ्या पोटात मघापासून बदामच बदाम चालले होते.

तेवढ्यात दोन बहिणी येऊन काउंटरपाशी बसल्या. थोरली पडदे शिवायची. शिवताना धातूचे टोपण घालून घालून तिच्या बोटाला वळ पडला होता. धाकटी बस चालवायला शिकली होती. तिची परीक्षा आज पार पडली होती आणि येत्या सोमवारी तिची पहिली फेरी होती. हे सगळे आम्हाला न विचारता कळले, कारण थोरलीला बोलल्याशिवाय राहवत नव्हते.

"मास्तर, हिच्याशी जरा जपून बोला हं," ती म्हणाली. "आजपासून ही मोठी माणूस झालीये. मनात आणलं तर मधल्या स्टॉपवर उतरवून देईल."

"ताई, पुरे गं," धाकटी लाजून म्हणाली. "सकाळपासून हेच चाललंय हिचं. स्वतः केक केला, डबा घेऊन डेपोच्या दारात उभी, वॉचमनलासुद्धा खायला घातला."

मग मास्तरांकडे वळून ती म्हणाली, "मला लिंबू-पुदिन्याचं काहीतरी द्या. पण एक सांगून ठेवते. मला बदाम चालत नाही. थोडासासुद्धा नाही. श्वास अडकतो."

मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "निर्धास्त राहा. तुमच्या पेयाशी बदामाचा काही संबंध नाही."

आमच्याकडे एक छोटा शेकरही होता. मास्तरांनी त्याच्यासाठी हात पुढे केला, पण तो मोरीत पेल्यांच्या ढिगाखाली गेला होता. खिडकीजवळून कुणीतरी ओरडले, "मास्तर, आमचं कुठवर आलं?" मास्तरांनी मला उचलले. नळ सोडला, माझ्यात पाणी घेतले, दोनदा हिसळले आणि ओतून दिले. त्यांनी मला विसळले, मित्रांनो. धुतले नाही.

मला ते कळत होते. खाचेत काहीतरी चिकट अडकलेले मला जाणवत होते. मला बोलता येत नाही, ही माझी एकच सबब आहे. पण निदान टोपी अडकवून बसता आले असते, हातातून निसटून खाली पडता आले असते. मी यातले काही केले नाही. उलट मास्तरांनी मला भिरकावले तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त गिरक्या घेतल्या. धाकटीने टाळ्या वाजवल्या. ते मी अजून विसरलेलो नाही.

चार-पाच घोट झाले असतील. ती मान खाजवू लागली. मग तिचे ओठ सुजले. तिला काहीतरी सांगायचे होते, पण आवाज फुटेना. थोरलीच्या हातातला पेला पडला.

"हिची पर्स! पर्समध्ये इंजेक्शन आहे! कोटापाशी ठेवलीये!"

खुंट्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. मधे माणसांची भिंत. मास्तरांनी सरळ काउंटरवर हात टेकून पलीकडे उडी मारली. एप्रन कोपऱ्याला अडकून टरकन फाटला. लोकांना बाजूला ढकलत ते पर्स घेऊन आले आणि थोरलीने बहिणीच्या मांडीत इंजेक्शन टोचले. मालकीणबाईंनी गाणी बंद केली. इतक्या माणसांत फक्त धाकटीच्या घरघरणाऱ्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

रुग्णवाहिका आली. तिच्यातून उतरलेल्या माणसाने विचारले, "काय खाल्लं-प्यायलं होतं?"

मालकीणबाई मास्तरांकडे वळल्या. "हिच्या पेयात बदाम होता का?"

"छे," मास्तर म्हणाले. "एक थेंबसुद्धा घातला नाही."

बाटलीतून थेंब घातला नव्हता, हे खरेच होते. खोटे कसे बोलायचे ते मी त्या दिवशी शिकलो.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे माझा केक," ती म्हणाली. "पीठ सुटं आणलं होतं मी. दुकानदार एकाच मापाने पीठ, बदाम सगळं काढतो. देवा, मीच घातलं हिला."

मास्तरांनी तोंड उघडले. मग मिटले. रुग्णवाहिकेचे दार लागले आणि त्या दोघी गेल्या.

नंतर मास्तरांनी मला मागे नेऊन धुतले. तीनदा धुतले. अकरा वर्षांत मी इतका स्वच्छ कधीच झालो नव्हतो. शेवटी त्यांनी दात कोरायची एक काडी घेऊन खाचेतून हळूच फिरवली आणि दिव्याखाली धरली. काडीच्या टोकाला पांढरे काहीतरी लागले होते.  मग त्यांनी काडी मोरीत टाकली आणि वर नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. मुलगी धोक्याबाहेर होती, पण सोमवारची फेरी हुकणार होती. बारमध्ये मात्र वेगळेच चालले होते. जो तो मास्तरांची पाठ थोपटत होता. "काय उडी मारलीत हो या वयात!" खिडकीजवळच्या त्या गटाने तर उभे राहून टाळ्या वाजवल्या. मास्तर कसनुसे हसायचे. त्यांच्या हातून पेले फुटू लागले. त्यांनी मला भिरकावणे सोडून दिले. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "खांदा दुखतोय." मालकीणबाईंनी एकदा विचारले, "मास्तर, बरं नाहीये का?" ते म्हणाले, "झोप होत नाही, एवढंच."

नवव्या दिवशी दुपारी थोरली आली. बार उघडायला वेळ होता. स्टुले टेबलांवर उलटी ठेवली होती आणि मास्तर एकटेच लिंबे कापत होते. तिने पिशवीतून एक नवा एप्रन काढून काउंटरवर ठेवला.

"तुमचा फाटला होता त्या दिवशी. मी पाहिलं होतं. हा मी शिवलाय. खिसे खोल ठेवलेत."

"ताई, हे कशाला," मास्तर पुटपुटले.

"कशाला म्हणजे? तुम्ही नसता तर माझी बहीण नसती." ती म्हणाली. "मी तिच्या जिवावरच उठले होते. आता घरात मी कशाला हात लावत नाही. आई करते सगळं. बहिणीला नुसतं पाणी द्यायचं झालं तरी मी आईला हाक मारते. ती म्हणते, ताई, अगं असं काय करतेस? पण माझा हातच धजत नाही हो."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. लिंबाचा रस बोटांवरून ओघळत होता, तो त्यांनी पुसला नाही.

"तुमच्या केकमुळे नाही झालं ते," ते म्हणाले.

"तुम्ही आपलं बरं वाटावं म्हणून—"

"नाही. माझ्यामुळे झालं. ह्या भांड्यात आधी बदामाचं केलं होतं. मी नुसतं विसळलं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

  थोरलीने मला उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"कसं विसळलंत? दाखवा."

मास्तरांनी नळ सोडला, दोनदा हिसळले, ओतले.

"आणि कसं धुवायला हवं होतं?"

त्यांनी गाळणी उलटी केली. ब्रश घेतला. तो खाचेतून गोल फिरवला, साबणाचे गरम पाणी घेतले, मग साधे पाणी. सगळे होईपर्यंत ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"दीड मिनिटसुद्धा लागलं नाही," ती म्हणाली. "मी नऊ दिवस माझ्याच घरात चोरासारखी वावरतेय."

तिने फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. "मला नका सांगू. तिला सांगा."

मास्तरांनी सांगितले. काही वगळले नाही. काडीचेही सांगितले.  पलीकडून धाकटी म्हणाली, "मी तुम्हाला आधी सांगितलं होतं ना, काय चालत नाही ते? तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात, म्हणून मी निर्धास्त राहिले. उद्या माझ्या मागे चाळीस माणसं बसतील. तीही अशीच निर्धास्त असतील." मग ती म्हणाली, "माझं जाऊ द्या. मी बरी झालेय. पण तुम्ही माझ्या ताईला का रडवलंत?"

 

थोरलीने एप्रनची नीट घडी घातली, तो परत पिशवीत ठेवला आणि ती निघून गेली.

त्याच दिवशी मास्तरांनी मालकीणबाईंना सगळे सांगितले. त्या आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बदामाचं भांडं वेगळं, ब्रश वेगळा, फडकं वेगळं. आजपासून. आणि तुम्ही दोन महिने मागे भांडी घासा." मास्तरांनी दोन महिने भांडी घासली. पाठ थोपटायला आलेल्या प्रत्येकाला, विचारो न विचारो, खरे काय झाले ते सांगितले. काही जणांनी येणे सोडले. मला पेयाच्या कामातून काढले. आता माझ्यात लांब दांड्यांचे चमचे उभे ठेवतात.

परवा मास्तर मालकीणबाईंना सांगत होते, की ते स्टॉपवर उभे असताना धाकटीचीच बस आली. दार उघडले. तिला गणवेशात पाहून त्यांचा पाय उचलेना. मागची माणसे चढली, तरी ते खालीच उभे. शेवटी तीच म्हणाली, "चढताय ना? मागे जागा आहे."

"ओळखलं तुम्हाला?" मालकीणबाईंनी विचारले.

"कुणास ठाऊक. चढताना मी मान वर केलीच नाही."

मित्रांनो, मी साधे भांडे आहे. मोठ्या गोष्टी मला सांगता येत नाहीत. कुणी म्हणाले 'मला हे चालत नाही', तर ते कान देऊन ऐका आणि हातातले काम पुरते करा. घाई झाली तर घाई झाली असे सांगा. माणसे पाच मिनिटे थांबतात. तरीही चूक होईल. चूक माझ्याकडूनही झाली आणि मास्तरांकडूनही. पण ती झाली की लगेच बोलून टाका. तुम्ही गप्प बसलात म्हणून ती नाहीशी होत नाही. ती कुठल्यातरी निरपराध माणसाच्या घरी जाऊन राहते, आणि ते माणूस आपल्याच बहिणीला पाण्याचा पेला द्यायला घाबरते.