उणे अठरातला गोंद

शिरीषने जुनी पट्टी स्कीवरून दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा कुठे ती चर्रर्र करत सुटली. नवी पट्टी मात्र दोन बोटांनीच निघाली.

"बघ, गोंद म्हणजे हा," तो बायकोला म्हणाला. "जुनं ते सोनं उगाच म्हणत नाहीत."

मेधा गप्प राहिली. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं, की ही बाई गप्प बसली म्हणजे प्रकरण मिटलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष आणि त्यांची मुलगी क्षिप्रा होक्काइडोला निघणार होते. शहाणी माणसं लिफ्टने डोंगरावर जातात आणि स्कीवरून घसरत खाली येतात. या दोघांना स्की पायाला बांधून चालत वर जायचं होतं. त्यासाठी स्कीच्या तळाला लांबलचक पट्टी चिकटवतात. तिच्या एका बाजूला गोंद असतो आणि दुसऱ्या बाजूला मागे कललेली आखूड लव, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. ही पट्टी अर्ध्या चढावर सुटली तर माणूस आल्या वाटेने खाली जातो. तिसऱ्या दिवशीच्या चढाखाली खोल घळ होती. शिरीषनेच नकाशा पसरून ती मोठ्या कौतुकाने दाखवली होती आणि तेव्हापासून मेधा या पट्ट्यांकडे संशयाने बघत होती.

पट्ट्यांच्या जोड्या दोन होत्या. जुनी मोहेरची, म्हणजे बकरीच्या लोकरीची, चांगली महागाची, बँकेने शिरीषला झुरिकला पाठवलं होतं तेव्हा घेतलेली. सिंगापूरला आल्यापासून बारा वर्षं ती बिशानच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टर नावाच्या अडगळीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्या आणि रिकाम्या सुटकेसच्या शेजारी पडून होती. नवी नायलॉनची, गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवलेली. दोघांच्या स्की एकाच मापाच्या, त्यामुळे कुणीही कुठलीही जोडी लावावी. जुनी क्षिप्राला आणि नवी आपल्याला, असं शिरीषने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"म्हणजे स्वतःला नवं आणि पोरीला जुनं," मेधा शेवटी म्हणाली.

शिरीषचा चेहरा उतरला. "मोहेर हलकं सरकतं, ती दमणार नाही. नायलॉन म्हणजे ब्रेक लावून चालल्यासारखं."

"मला सरकण्याचं सांगू नकोस. गोंदाचं बोल."

गोंदातलं मेधाला कळत होतं. जुरोंगच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये ती क्वालिटी मॅनेजर होती. कोळंबीपासून पराठ्यांपर्यंत सगळ्या गोठवलेल्या मालाची खोकी तिच्या नजरेखालून जात. उन्हात, माल चढवायच्या लोडिंग बेवर जी टेप बोटांना चिकटून सुटत नाही, तीच आत गेल्यावर खपलीसारखी गळून पडते, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं.

"तिथे भाड्याने मिळतात ना?"

"कुणीतरी वापरून टाकलेल्या पट्ट्यांवर मी माझ्या मुलीला चढवायचं?"

"आय्या, नुसतं भांडताय काय, टेस्ट करा ना लाह," क्षिप्रा सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी ठेक्यात म्हणाली. "आईकडे जायंट फ्रीझर आहे."

दुपारी तिघं मेट्रोने स्की घेऊन जुरोंगला गेली. स्कीकडे बघणाऱ्या लोकांना क्षिप्रा हसून दाखवत होती, आईबाबा दोन टोकांना बसले होते. मेधाने सुपरवायझरची परवानगी काढली, जाड जॅकेटं दिली आणि नियम सांगितला: पाहुण्यांना आत तीस मिनिटं, वर एकही नाही. दारावरचा आकडा उणे अठरा दाखवत होता.

दोन्ही जोड्यांतली एकेक स्की तिने रॅकवर आडवी ठेवली, पट्टी खाली येईल अशी, आणि उरलेल्या दोन शेजारी उभ्या केल्या. मग आडव्या स्कींच्या पट्ट्यांना अडकवून ठेवणारे पुढचे-मागचे हूक सोडले आणि प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला कोळंबीचं दोन किलोंचं पाकीट बांधलं.

"हूक का काढलेस?" शिरीषने विचारलं.

"हूक असला तर गोंदाचं खरं रूप दिसत नाही."

दहा मिनिटं काहीच झालं नाही. तिघांच्या तोंडातून वाफ येत होती आणि पंखे घोंघावत होते. पंधराव्या मिनिटाला नवी पट्टी टोकाशी बोटभर सुटली.

"बघ," शिरीष हळूच म्हणाला.

मेधाने घड्याळाकडे पाहिलं. नवी पडली तर पोरीच्या पायाला जुनी बांधायची, आणि तीही आपणच घेतलेल्या परीक्षेच्या जोरावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने मनातल्या मनात त्या नायलॉनच्या पट्टीची विनवणी केली. पट्टी बोटभर सुटली ती तेवढीच राहिली. वीस मिनिटं झाली, मग पंचवीस. क्षिप्राचे दात वाजायला लागले, तरी ती बाहेर जायला तयार नव्हती.

आणि जुनी पट्टी पडली. आधी टोक सुटणं नाही, आवाज नाही. पाकीट धप्पकन जमिनीवर आलं आणि त्याच्यामागे ती अख्खी पट्टी.

शिरीष उकिडवा बसला. हातमोजा काढून त्याने गोंदावर अंगठा दाबला. गोंद काचेसारखा टणक आणि गुळगुळीत झाला होता.

"किती मिनिटं झाली?"

"सव्वीस."

"वर पोचायला दोन तास लागतात," तो म्हणाला. मग त्याने अंगठा पुन्हा गोंदावरून फिरवला. "त्यातल्या त्यात चांगली म्हणून तिला दिली होती मी. खरंच."

सकाळचं आपलं बोलणं मेधाला आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. या माणसाने आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं ते लेकीला दिलं होतं, आणि त्यानेच ती घळीत गेली असती.

"कळलं मला," ती म्हणाली.

"बाबा, मग तुम्ही काय लावणार?" क्षिप्राने विचारलं.

"भाड्याची घेईन. मेधा, कटर आहे?"

खोकी उघडायचा कटर तिच्या खिशातच असे. शिरीषने झुरिकची पट्टी मधोमध कापली, मग त्या तुकड्यांचेही तुकडे केले. जुन्या जोडीतली दुसरी पट्टी स्कीवरून काढायला आता दोन बोटं पुरली. तिचंही त्याने तेच केलं.

"एवढे बारीक कशाला करतोस?"

"उद्या कुणाच्या हाती लागायला नकोत."

मेधाने दोघांना दाराबाहेर काढलं. लोडिंग बेवर ऊन रणरणत होतं. कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचेतो गोंद पुन्हा पूर्वीसारखा चिकट झाला. शेवटचा तुकडा काही केल्या शिरीषचा हात सोडेना, तेव्हा मेधाने तो दोन्ही हातांनी ओढून काढला.