माघारी बघायचं नाही

तनुजा गाडीच्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, आणि दोन्ही वेळा एकाच जागी. पुढे जाताना बाई कशी झोकात जायची. गाडी मागे घ्यायची वेळ आली की मान ताठ, नजर समोर, आणि गाडी थेट खांबावर.

"मान वळवायची सोय देवाने केलेली आहे," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले होते. "वापरून बघा कधी."

आता हिने मान का वळवू नये? तर सासूची शिस्त. कात्रजजवळच्या त्यांच्या घरात यमुनाबाईंच्या तोंडी 'माघारी' हा शब्द दिवसभर असायचा. डबा माघारी पाठव, पोरं अजून माघारी आली न्हाईत. पण कुणी कामाला निघालं की माघारी बघायचं नाही, आणि मागून हाक तर मुळीच मारायची नाही. चुकून वळलंच कुणी, तर खाली बसून घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. तनुजाच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की महत्त्वाच्या कामाला निघाली की तिची मान वळतच नसे.

या खेपेला तर ती नवऱ्याला, संपतला, बोलून बसली होती, "नापास झाले तर पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही." मग जीभ चावली. गाडी दारात आणि चावी कायम त्याच्या खिशात. माहेरी सासवडला जायचं तरी त्याची मनधरणी.

"आत्या, तुम्ही चला सोबत," ती सासूला म्हणाली. "मला धीर येईल."

यमुनाबाई मैदानाच्या कडेला बाकावर बसल्या. गाडी पुढे छान गेली. "आता मागे घ्या," साहेब म्हणाले, आणि तनुजाने चाक घट्ट धरलं. मान तशीच ताठ. गाडी वाकडी होत खांबाकडे सरकू लागली.

म्हातारी उठून उभी राहिली. जन्मात कुणाला मागून हाक न मारलेली बाई, पण तिला राहवेना.

"तनुजा, माघारी बघ गं!"

तनुजा गर्रकन वळली. खांब दिसला. तिने चाक फिरवलं आणि गाडी अलगद मागे नेली.

"परीक्षा कुणाची चाललीय, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"माझीच हाय."

साहेबांना हसू आवरेना. "मान वळते म्हणायची," ते म्हणाले आणि त्यांनी तिला पास केलं.

तनुजा धावत आली, तर यमुनाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढलेली.

"माघारी बघितलंस न्हवं? बस खाली, पाणी पी. मग जाऊ संपतकडनं चावी घ्यायला."