गाणं ऐकायला येणारा

मी एक जुना पोटपट्टा आहे. हसू नका मित्रांनो! ढोलकीला मखमली खोळ मिळते, माझ्या वाट्याला घामेजलेलं पोट आलं. कारखान्यातून शिवून निघालो तेव्हा मी असा कडक होतो की विचारू नका. वडशाच्या औषध दुकानातून मला पत्रूभाऊसाठी आणलं.

पत्रूभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांतला गायक. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा कुणा अनोळखी मेलेल्या माणसाची किडनी त्याच्या पोटात खाली उजवीकडे बसवली. जीव वाचला. पुढे त्या टाक्यांखालचं पोट सैल पडलं आणि तिथे लिंबाएवढा फुगवटा आला. तो दाबून धरणं हे माझं काम.

पत्रूभाऊने उंच सूर लावला की फुगवटा उसळून वर यायचा. मी दचकायचो. तो मात्र पोटावर हात ठेवून बायकोला म्हणायचा, "अंजना, पाह्य, आला तो. ज्याची किडनी हाये ना, तो. गाणं आयकाले येते."

"काई बी बोलता! डाक्टरनं आपरेशन सांगतलं ना?"

"त्याले कोंडू काऊन? त्यानं मले जीव देल्ला."

माझ्या कापडात त्या फुगवट्याचा खळगा पडला. खरं सांगतो, आपण कुणाचं तरी तोंड दाबून धरलं आहे, असं मलाही वाटू लागलं. भीती वाटायची.

दिवाळीनंतर तालमीत वर आलेला फुगवटा परत जाईना. दगडासारखा कडक झाला. पत्रूभाऊ ओकत खाली बसला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला सोडून बाजूला टाकलं. "किडनी जागेवरच आहे. बाहेर आलंय ते यांचंच आतडं. अडकलंय, आता थांबलो तर जीव जाईल." त्यांनी आतडं आत सारलं आणि जाळी लावून पोट शिवलं.

बरा झाल्यावर पत्रूभाऊ अंगणात बसून, पोटावर हात ठेवून, हळूच गायला. पोट सपाटच राहिलं. तो लहान पोरासारखा रडला. "गेला वं अंजना. म्या त्याले कोंडून मारलं."

अंजनाबाईने त्याचा हात खाली सरकवला. "हे पाहा, किडनी इथीच हाये. हाताले लागते ना? गोळ्या खा आता, त्याच्यासाठी."

गोळ्या तो वेळेवर घेतो. गाणं मात्र सोडलं.

मी आता खुंटीवर धूळ खातो. मित्रांनो, पोटावर फुगवटा दिसला तर माझ्यासारख्या पट्ट्याने तो झाकून ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. एवढं शहाणपण मला आलं. पण एक गोष्ट उमगत नाही. भांडी घासताना अंजनाबाई नवऱ्याचं एखादं जुनं गाणं गुणगुणते, तेव्हा माझा तो खळगा आतून हळूहळू भरतो, लिंबाएवढा. माझ्या आत तर पोट नाही.

हे पत्रूभाऊला सांगायला मला तोंड नाही. तुम्ही कधी वडशाला गेलात, तर त्याला म्हणा, गा. कुणीतरी ऐकायला थांबलं आहे.